ग्राफिक्स कार्डाची शिवारफेरी

कुलर हा माणसांसाठी असतो, हे मला वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी समजलं. त्याआधी कितीतरी वर्षं मी मालेगावात कॉम्प्युटरचा क्लास चालवत होते. (आमचं वाशिमचं मालेगाव. नाशिकचं नव्हे. हे मला प्रत्येक कुरियरवाल्याला सांगावं लागतं, म्हणून इथेही सांगून टाकते.)

क्लास चालवणाऱ्या बाईला तारा असलेल्या प्रत्येक वस्तूतलं समजतं, असा गावाचा पक्का समज आहे. लोक माझ्याकडे बंद पडलेले मोबाईल आणतात, टीव्हीचे रिमोट आणतात, एकदा तर एकजण बॅटरीवरचा फवारणीचा पंप घेऊन आला. मी मराठी टायपिंग आणि बेरजांचे तक्ते शिकवते. पण हे सांगत बसायचाही कंटाळा येतो, म्हणून मी वस्तू हातात घेते, उलटी करून बघते आणि "बंद करून चालू करा" असं सांगते. पुष्कळदा चालतंही. तिथेच घोळ झाला.

घोळाच्या मध्यभागी होते माझे सासरे. त्यांना आम्ही मामाजी म्हणतो. मूळचे मेडशीचे. उभा जन्म एस.टी. चालवली. घाट, खड्डे, बैलगाड्या, लग्नसराई, सगळ्यांतून माणसं सुखरूप पोचवली. निवृत्तीनंतर डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि मग एका सकाळी त्यांनी स्कूटर नेऊन थेट शेजाऱ्यांच्या जास्वंदीत उभी केली. जास्वंद वाचली, पण स्कूटरची किल्ली सासूबाईंच्या कमरेला गेली ती गेलीच.

मग मामाजी ओट्यावर बसू लागले. रस्त्यावरून बस गेली की नुसत्या आवाजावरून सांगायचे, "याचा तिसरा गिअर अडकून राह्यला." हळूहळू तेही सांगायचे थांबले. बस जायची आणि ते पायाखालच्या फरशीकडे बघत उजवा पाय जरासा दाबायचे. मला ते बघवेना. म्हणून क्लासमधला एक जुना कॉम्प्युटर मी घरी आणला आणि त्यात बस चालवायचा गेम टाकून दिला.

गेम परदेशी होता. परदेशी डोंगर, परदेशी बस, थांब्यांवर कोट-टोपी घातलेली माणसं. बसला तेवढा मी लाल रंग देऊन दिला. मामाजींनी पहिल्याच दिवशी त्या अख्ख्या रस्त्याचं बारसं केलं. पहिला थांबा मालेगाव, चर्चजवळचा थांबा म्हणजे मेडशी, पुढच्या वळणावळणाच्या चढाला पातूरचा घाट, आणि जिथे समुद्र लागतो ते अकोला. समुद्राबद्दल मी काही बोलले नाही. माणूस बोलायला लागला होता, तेवढं मला पुष्कळ होतं.

अडचण एकच, कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड. पडद्यावर चित्र काढायचं काम हा तुकडा करतो, आणि आमचा तुकडा फार म्हातारा होता. बस पुढे जायची आणि रस्ता मागून यायचा. मी गेममधला बोजा कमी करायला घेतला. आधी झाडं काढली. मग बाकीच्या गाड्या काढल्या. तरी भागेना, तेव्हा माणसं काढली.

"वर्षा, थांब्यावरची मानसं कुठी गेली व?" मामाजींनी विचारलं.

"संप हाये असं समजा, मामाजी."

"संपात गाडी काढली त लोक दगड मारतात."

"दगडही काढलेत."

मग मामाजी वर्षभर रिकामी बस घेऊन मालेगाव-अकोला करत राहिले. थांब्यावर मात्र न चुकता थांबायचे. कोणी नाही, कोणी येणार नाही, तरी थांबायचे, जरा वाट बघायचे आणि निघायचे. मी भाजी निवडता निवडता ते बघायची आणि भाजीकडेच जास्त लक्ष द्यायची.

यंदाच्या उन्हाळ्यात ते कार्ड थकलंच. घाट लागला की तापायचं आणि पडदा काळा. बंद करून चालू करा, हा माझा रामबाण तिथे चालेना. मामाजी काळ्या पडद्यासमोर बटणांवर बोटं ठेवून बसून राहायचे. सासूबाई आतून ओरडायच्या, "जेवाले येता काय?"

"घाटात गाडी सोडून कसा येऊ? ब्रेक दाबून हाये मी."

"वरन थंड होऊन राह्यलं."

"त्याले म्हना, आजचं बसस्टँडवर जेवतो."

शेवटी माझे यजमान अकोल्याहून नवीन कार्ड घेऊन आले. दुकानदाराने बोली केली होती, आठवडाभर वापरा, नाही पटलं तर खोक्यासकट वापस आणा. इथे यजमानांची ओळख करून द्यायला हवी. त्यांचं कृषी केंद्र आहे, म्हणजे बी-बियाणं, खतं, औषधांचं दुकान. खोक्यावर लिहिलेल्या कोणत्याही गोष्टीवर त्यांचा विश्वास नाही, कारण ते दिवसभर अशीच खोकी विकतात.

"अहो, नवीनच चांगलं असणार. सरळ बसवून टाकू," मी म्हटलं.

"कंपनीवाले आमालेही हेच सांगतात," ते म्हणाले. "नवं वान कोनी एकदम साऱ्या वावरात पेरते काय? बाजूबाजूला लावून पाहू. शिवारफेरी करू."

शिवारफेरी म्हणजे काय, ते सांगते. बियाण्याची कंपनी एखाद्याच्या शेतात जुन्या वाणाच्या सोयाबीनशेजारी नवीन वाण लावते. पीक भरात आलं की गावोगावच्या शेतकऱ्यांना बोलावते. सगळे तासातासाने, म्हणजे ओळीओळीने, फिरतात, शेंगा मोजतात, माना हलवतात आणि मसालेभात खाऊन जातात. यजमानांनी अशा बऱ्याच फेऱ्या काढल्यात. पण त्या वावरात. आमच्या समोरच्या खोलीत, मे महिन्यात, सोफा हलवून, ही पहिलीच.

क्लासमधून दुसरा कॉम्प्युटर आणला. एकात जुनं कार्ड, दुसऱ्यात नवीन. दोन कुंड्या आणून त्यांत बांबूच्या काड्या रोवल्या आणि काड्यांवर पुठ्ठ्याच्या पाट्या लावल्या, "जुने वाण" आणि "नवीन वाण". (मी हसले, तर म्हणाले, "पाटी नसली की लोक चुकीच्या तासातल्या शेंगा तोडतात.") दुकानात बसलेलं गिऱ्हाईक, रिठदचे गजाननभाऊ, हे बियाणं न्यायला आले होते, त्यांना तसंच उचलून आणलं. समोरचे कापडवाले शांतिलालजी स्वतःहून आले. गल्लीतली बाकी मंडळी पोह्यांच्या वासाने आली.

आता दोन बसेस म्हटल्यावर दोन ड्रायव्हर हवे. नवीन कार्डावर मामाजी, हे ठरलेलंच. जुन्यावर कोण? माझ्या क्लासची पोरं परीक्षेला गेलेली. यजमान परीक्षक. मी सगळ्यांत जाणकार, म्हणून देखरेखीला. सासूबाई पोह्यांवर कोथिंबीर घालत होत्या. यजमानांनी त्यांनाच खुर्चीवर बसवलं.

"मले नाई येत बाप्पा," सासूबाई म्हणाल्या.

"काही नाई आई, हे बटन दाबलं की पुढं जाते."

"आन थांबाचं कोनतं?"

"ते हे इकडचं."

"ते राहू दे. एकच सांग, माह्या ध्यानात नाई राहत."

बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं ऊन, खोलीत वीसेक माणसं आणि दोन यंत्रं. तापलेलं कार्ड घाटात दम तोडतं, हे मला माहीत होतं. म्हणून मी माझं डोकं चालवलं. दोन्ही कॉम्प्युटरच्या बाजूच्या पत्र्याच्या झाकण्या काढल्या, म्हणजे आत हवा लागेल, आणि घरातला एकुलता एक कुलर माणसांकडून फिरवून कॉम्प्युटरकडे केला.

"ओ मॅडम, आमी काय पाप केलं?" गजाननभाऊंनी विचारलं.

"भाऊ, तुम्ही तापलात तर बंद पडत नाही," मी म्हटलं. लोकांनी माना हलवल्या. मॅडमला समजतं.

फेरी सुरू झाली. नवीन कार्डाचा पडदा उजळला आणि मागची माणसं पुढे सरकली. झाडं परत आली होती. पानं हलत होती. डांबरावर उन्हाची झिलई होती आणि पहिल्या थांब्यावर माणसं उभी होती. कोट घातलेला एक म्हातारा, पिशवी घेतलेली एक बाई, छत्री धरलेली एक पोरगी. मामाजींनी बस थांब्याला लावली. दार उघडलं. म्हातारा एक एक पायरी चढला. मामाजी मान वळवून त्याच्याकडे बघत होते, जणू तो खरंच त्यांच्या डाव्या हाताला चढत होता.

इकडे सासूबाईंनी बटण दाबलं आणि सोडलंच नाही. जुन्या कार्डात झाडं नव्हती, गाड्या नव्हत्या, माणसं नव्हती. थांबायला कारणच नव्हतं. वळण आलं की त्यांची बस कठड्याला घासायची, डोंगराला घासायची आणि आपोआप पुन्हा रस्त्याला लागायची. त्यात कुलरच्या गार हवेने जुन्या कार्डाच्या अंगात काय संचारलं कोण जाणे, नेहमी काळ्या पडणाऱ्या घाटातून ते बिनबोभाट वर चढलं.

"चर्च मागंच राह्यलं आई, मेडशी गेली," यजमान म्हणाले.

"जाऊ दे. मेडशीत आपलं आता कोन हाये?" सासूबाई म्हणाल्या.

मामाजी अजून दुसऱ्या थांब्यावर होते. एक माणूस लांबून पळत येत होता आणि मामाजी त्याच्यासाठी थांबले होते. जुन्या कार्डात तो माणूस दिसलाच नसता. आता दिसला होता, मग त्याला टाकून कसं जायचं? पुढे एका फाट्यावर कोणी हात दाखवला, तिथेही थांबले. गेममध्ये तिथे थांबा नव्हता, त्यामुळे पडद्यावर लाल अक्षरांत दंड आला. मामाजींनी दंडाकडे ढुंकून पाहिलं नाही.

तेवढ्यात सासूबाईंची बस समुद्राला लागली आणि थांबली. "अकोला आलं," त्यांनी जाहीर केलं आणि त्या पोहे बघायला उठल्या.

शांतिलालजींनी आयुष्यभर कापड मोजलंय. त्यांनी निकाल द्यायला वेळ लावला नाही. "साफ आहे. जुनं कार्ड पोचलं. नवीन अजून अर्ध्या रस्त्यात आहे."

"नव्यात पसारा जास्त," गजाननभाऊ म्हणाले. "पानं लय, शेंगा नाई."

मी समजावून सांगायला गेले. म्हटलं, अहो, कार्ड हळू नाही, ड्रायव्हर थांबतो आहे. पण ड्रायव्हर कशाला थांबला, तर नवीन कार्डात माणसं दिसली म्हणून, आणि जुन्यात माणसं का दिसली नाहीत, तर ती मी काढली होती. हे वाक्य मी दोनदा सुरू केलं आणि दोन्ही वेळा मलाच त्यात मी अडकलेली दिसले. यजमानांनी तोवर खोकं शोधायला घेतलं होतं. फेरीचा निकाल म्हणजे निकाल. नवीन वाण वापस.

मामाजींनी पडद्यावरची नजर न काढता म्हटलं, "जुन्यात मी खाली गाडी चालवत होतो रे."

खाली म्हणजे रिकामी.  वर्षभर तो माणूस रिकाम्या थांब्यांवर थांबत होता आणि मी त्याला संप आहे असं सांगून भाजी निवडत बसले होते. मी ठरवलं, हे कार्ड वापस जाणार नाही. मामाजींनी घाट एकदा झोकात चढून दाखवला की यजमान आपोआप गप्प बसतील. आणि आता घाट लागतच होता. भरलेली बस, चढ, आणि नवीन कार्डाचा पंखा गिरणीसारखा घरघरायला लागला.

तापलं, मी मनात म्हटलं. घाईघाईने कुलर ओढून अगदी नवीन कार्डाच्या तोंडाशी नेला. हवा कोमट वाटली, म्हणून आत वाकून पाहिलं तर टाकीत पाणी तळाला. नळी लावून टाकी भरली. काठोकाठ भरली. मग कुलरचा पाण्याचा पंप चालू केला आणि हवेचं बटण सगळ्यांत वर नेऊन ठेवलं.

विदर्भात वाढलेल्या प्रत्येक पोराला माहीत असतं, की टाकी काठोकाठ भरून कुलर जोरात लावला की तो आधी हवा मारत नाही, पाणी मारतो. मी विदर्भातच वाढले. दरवर्षी मीच सगळ्यांना ओरडते, "टाकी जरा खाली ठेवा, गादी भिजते." पण त्या दिवशी समोर गादी नव्हती.

तुषारांचा एक फवारा उघड्या कॉम्प्युटरच्या पोटात गेला. चट् असा आवाज आला, पडदा काळा झाला, मीटरजवळचा खटका पडला आणि अख्ख्या घराची लाईट गेली. कुलरही थांबला, पण त्याचं काम झालं होतं. पाण्याचे थेंब कार्डावरून "नवीन वाण"च्या कुंडीत ठिबकत होते.

 मग अंधुक खोलीत मामाजींचा आवाज आला, "मानसं गाडीतच राह्यली."

मंडळी पोहे खाऊन पांगली. जाताना गजाननभाऊ हळूच म्हणाले, "मॅडम, ओलीत जास्त झालं." मी हो म्हटलं. पाणी मीच पाजलं होतं.

भिजलेलं कार्ड दुकानदार वापस घेणार नव्हता, हे आधी यजमानांच्या ध्यानात आलं आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेबद्दल इथे लिहीत नाही. वाशिमच्या मेकॅनिकला फोन केला, तो म्हणाला, खडखडीत वाळेपर्यंत वीज लावू नका. वाळवायचं म्हटल्यावर सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. गच्चीवर त्यांच्या कुरडया वाळत होत्याच. कुरडयांच्या शेजारी जुनं धुतलेलं लुगडं अंथरून त्यांनी कार्ड निजवलं, वरून माशा बसू नयेत म्हणून पातळ फडकं टाकलं आणि कावळे हाकलायला मला बसवलं.

"मी बसू? ऊन केवढं आहे, आत्याबाई," मी सासूबाईंना म्हटलं.

"कुलर लावून देऊ काय तुले?"

मी बसले. डोक्यावर पदर, हातात काठी, एका बाजूला कुरडया, दुसऱ्या बाजूला ग्राफिक्स कार्ड. रस्त्यावरून जाणारी माझ्याच क्लासची एक पोरगी वर बघून म्हणाली, "मॅडम, प्रॅक्टिकल आहे का?" मी तिला उन्हात उभी राहू नको असं सांगितलं.

खाली मामाजी पुन्हा ओट्यावर बसले होते. बस गेली. गिअरबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही. गच्चीवरून मला ते नुसते पाठमोरे दिसत होते, आणि खरं सांगते, त्या दोन दिवसांत मी त्या कार्डाची कुरडयांपेक्षा जास्त काळजी घेतली. दर थोड्या वेळाने पालटून ठेवत होते. यजमानांनी वाळलेल्या पाण्याचे पांढरे डाग कोरड्या टूथब्रशने घासून काढले. बोलत नव्हते, पण घासत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी कार्ड बसवलं. खोलीत घरची माणसंच होती, यावेळी शिवारफेरी नव्हती. मी बटण दाबायला पुढे झाले तर तिघंही एकदम म्हणाले, "तू नको." सासूबाईंनी दाबलं. पंखा कुरकुरला, पडदा काळाच राहिला, काळाच राहिला, आणि मग एका कोपऱ्यातून हिरवं झाड उगवलं. मामाजींची बस घाटातच उभी होती, जिथे सोडली होती तिथे. आत म्हातारा, बाई, छत्रीवाली पोरगी, पळत आलेला माणूस, सगळे बसलेले. मामाजींनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि पहिला गिअर टाकला. माझे डोळे भरून आले. सासूबाई म्हणाल्या, "उन्हानं झालं असंन." झालं असेल.

तेव्हापासून या कार्डाबद्दल घरात वाद नाही. जुनं कार्ड यजमानांनी पाटीसकट कपाटावर ठेवलं आहे, कारण फेरीचा निकाल अजून त्यांना मान्य आहे. कुलर माणसांकडे तोंड करून असतो आणि त्याला हात लावायची मला परवानगी नाही. शिक्षा मात्र वेगळीच झाली. मामाजी म्हणाले, "या गाडीत कंडक्टर नाई. दारं आपोआप लागतात. मानूस चढला का लटकला, कोन पाहीन? या मानसांले घाटात जिनं लटकवलं, तिनंच पाहावं."

तर आता रोज संध्याकाळी क्लास सुटला की मी त्यांच्या मागे स्टुलावर बसते. हातात स्टीलचा पेला आणि चमचा. उतारू चढले की दोनदा वाजवायचं. त्याशिवाय ते गाडी हलवत नाहीत. काल मी दमले होते, पिशवीवाली बाई पायरीवर असतानाच डबल बेल दिली. मामाजींनी गाडी बाजूला घेतली, मागे वळले आणि म्हणाले, "लेखी खुलासा द्या."

मी म्हटलं, "देते. जरा सरका, इथंच टाईप करून देते."

"गाडी रस्त्यात हाये. कॉम्प्युटर खाली नाई," मामाजी म्हणाले. "हातानं लिहा."